घडीचे घर: यर्ट हाताने कसा बांधावा

यर्ट हे मध्य आशियातल्या पशुपालकांचे घर. लाकडी जाळीची गोल भिंत, तिच्यावर वाशांचे छत, माथ्यावर चक्र आणि अंगावर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा. मंगोलियात त्याला गेर म्हणतात, किरगिझस्तानात बोझ उय, कझाकस्तानात कियिझ उय. 1253 साली मंगोल खानाच्या भेटीस निघालेल्या रुब्रुकच्या विल्यमने बावीस बैलांच्या गाड्यावरून अख्खीच्या अख्खी हलवली जाणारी अशी घरे पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. आजच्या किरगिझस्तानच्या ध्वजावर याच घराच्या माथ्याचे चक्र आहे. गेर बांधण्याच्या मंगोल कारागिरीचा 2013 साली आणि किरगिझ व कझाक कारागिरीचा 2014 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

हे संग्रहालयात ठेवलेले घर नाही. उलानबातरच्या कडेच्या वस्त्यांत आजही लाखो लोक राहतात आणि त्यांतल्या असंख्य कुटुंबांचे घर म्हणजे गेरच. सरावलेले कुटुंब तासा-दोन तासांत ते उभे करते. अलीकडे जगभर हौसेने यर्ट बांधणारे पुष्कळ झाले आहेत. शेतावर, डोंगरावर किंवा परदेशातल्या घराच्या मागच्या अंगणात एखादा उभा करावा असे आपल्यापैकीही अनेकांच्या मनात येते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पण साहित्याकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या: यर्टची ताकद लाकडाच्या जाडीत नसते, बांधणीत असते. हे ज्याला उमगले त्याचा यर्ट वाऱ्यात टिकतो. ज्याला उमगले नाही तो महागडे लाकूड आणतो आणि पहिल्या वादळात छत खाली बसलेले पाहतो.

तो उभा कसा राहतो

बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणा. मध्ये तुंबा, त्यात बसलेले आरे आणि सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. यर्टमध्ये माथ्याचे चक्र हा तुंबा, वासे हे आरे आणि भिंतीच्या वरच्या कडेवरून फिरणारा कमरपट्टा ही धाव. वासे तिरके असल्यामुळे छताचे वजन त्यांच्यातून खाली उतरते तेव्हा ते भिंतीला बाहेर ढकलतात. जाळी हा ढकला सोसू शकत नाही, ती पसरू लागते. तिला रोखतो तो कमरपट्टा. तो दाराच्या एका बाजूपासून निघून संपूर्ण घेर फिरतो आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला आवळला जातो. वासे आतल्या बाजूने चक्राला दाबून धरतात, म्हणून चक्र अधांतरी टिकते. एकही खिळा न मारता हे सगळे एकमेकांच्या आधारावर उभे असते.

यातून दोन नियम निघतात. छत जितके सपाट, तितका भिंतीवरचा ढकला जास्त. घेर जितका मोठा, तितका पट्ट्यावरचा ताण जास्त. म्हणून पहिला यर्ट लहान करावा आणि छताचा उतार 30 अंशांहून कमी ठेवू नये.

मंगोल की किरगिझ?

किरगिझ यर्टचे वासे भिंतीजवळच्या टोकाला वाकवलेले असतात. त्यामुळे छत उंच आणि घुमटासारखे होते, पाऊस व बर्फ लवकर घसरतो आणि मध्ये खांब लागत नाही. पण प्रत्येक वासा वाफवून, साच्यात धरून, अगदी सारख्या बाकाचा करावा लागतो. इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरच्या किझिल-तू गावात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि ते नवख्याच्या हातचे नव्हे.

मंगोल गेरचे वासे सरळ असतात. छत ठेंगणे असल्यामुळे वाऱ्याला कमी अडते. चक्र जड असते, म्हणून त्याखाली दोन खांब देतात. सरळ वासे, सोपा हिशेब आणि खांबांमुळे सुरक्षित उभारणी. पहिल्यांदा बांधणाऱ्याने मंगोल पद्धतच धरावी. पुढची सगळी मापे तिचीच आहेत.

आधी हिशेब, मग करवत

यर्टचा हिशेब भिंतीच्या माथ्यांवरून करतात. जाळीच्या वरच्या कडेला दोन पट्ट्या एकमेकींना छेदून जो बेचका होतो, त्याला येथे माथा म्हणू. प्रत्येक माथ्यावर एक वासा, प्रत्येक वाशाला चक्रात एक भोक. माथ्यांची संख्या ठरली की बाकी सगळे आपोआप ठरते. ती न मोजता आधी चक्र करून ठेवले, तर भोके आणि वासे जुळत नाहीत.

सुमारे 4.9 मीटर व्यासाच्या यर्टचा हिशेब असा:

- जाळीची पट्टी 2.10 मीटर लांब, 3 ते 3.5 सेंटिमीटर रुंद, 1 ते 1.2 सेंटिमीटर जाड. तिला 25 सेंटिमीटर अंतराने 8 भोके. खालच्या टोकाला 20 आणि वरच्या टोकाला 15 सेंटिमीटर मोकळे.
- पट्ट्या एकमेकींना काटकोनात छेदतील इतकी जाळी उघडली की भिंतीची उंची जवळपास 1.5 मीटर आणि दोन माथ्यांमधले अंतर 35 सेंटिमीटर येते.
- चार जाळ्या, प्रत्येकीला 11 माथे. तीन जोडांवर शेजारच्या जाळ्यांचे एकेक माथे एकावर एक येतात, म्हणून एकूण माथे 41. लांबी साधारण 14.5 मीटर.
- दाराची चौकट 90 सेंटिमीटर रुंद, भिंतीइतकीच उंच. तिच्या वरच्या पट्टीवर आणखी 3 वासे.
- एकूण वासे 44, प्रत्येकी 2.25 मीटर लांब.
- माथ्याचे चक्र 1.2 मीटर व्यासाचे. त्याला 44 भोके, म्हणजे प्रत्येक चतकोरात 11. भोकांमधले अंतर बाहेरून मोजले तर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास.
- चक्राची जमिनीपासून उंची साधारण 2.55 मीटर. दोन खांब या मापाचे करा, पण अंतिम कापणी जाळी उभी राहिल्यावर उंची मोजूनच.

आत सुमारे 200 चौरस फूट जागा मिळते. चार माणसांना ऐसपैस झोपता येते.

लाकूड

मध्य आशियातल्या स्टेपच्या, म्हणजे गवताळ माळांच्या, प्रदेशात जाळीला विलो आणि वासे व चक्राला बर्च, लार्च, पाइन अशी जवळ मिळेल ती लाकडे वापरतात. आपण झाडाच्या नावापेक्षा त्याच्या रेषा पाहाव्यात. रेषा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. रेषा मध्येच कडेला निघाली असेल तर पट्टी तिथेच मोडणार. गाठी असलेली पट्टी जाळीत घेऊच नका, ती आखूड तुकड्यांसाठी बाजूला ठेवा. शक्य तिथे लाकूड करवतीने कापण्याऐवजी फोडून घ्यावे. फोडलेले लाकूड आपल्या रेषेनेच फुटते.

महाराष्ट्रात बांधणाऱ्याने विलोच्या मागे लागू नये. जाळीसाठी बांबूच्या चिरून, तासून सारख्या केलेल्या पट्ट्या उत्तम. वाशांसाठी कोकणातला माणगा बांबू चांगला. तो बराचसा भरीव, सरळ आणि बिनकाट्याचा असतो. सुरूचे बारीक वासेही चालतात. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीच्या सुमारास तोडलेला घ्या आणि बोरिक ॲसिड व बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून, सावलीत वाळवून मगच वापरा. नाहीतर वर्षभरात भुंगा त्याचे पीठ करतो. बांबूला टोकाजवळ भोक पाडायचे असेल तर पेराच्या आतल्या बाजूला पाडा, म्हणजे चीर पेराशी थांबते.

जाळी

चारही जाळ्यांसाठी मिळून पूर्ण लांबीच्या सुमारे 90 पट्ट्यांइतके लाकूड लागते. तुटफूट धरून 100 पट्ट्या तयार ठेवा. प्रत्येक जाळीत मधल्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या असतात आणि दोन्ही कडांना त्या क्रमाने आखूड होत जातात, म्हणजे कड उभी आणि सरळ येते.

एक पट्टी अचूक भोके पाडून नमुना म्हणून ठेवा. बाकीच्यांना भोके पाडताना दर वेळी तीच वर ठेवून खुणा करा. आधीच्या पट्टीवरून पुढची, तिच्यावरून आणखी पुढची असे केले तर एका मिलिमीटरची चूक पन्नासाव्या पट्टीपर्यंत दोन बोटांची होते आणि जाळी घडी होत नाही.

पट्ट्या चटईसारख्या विणायच्या नसतात. एका दिशेच्या सगळ्या आत आणि दुसऱ्या दिशेच्या सगळ्या बाहेर. छेदाच्या प्रत्येक ठिकाणी भोकातून वादी ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारतात. ही वादी न कमावलेल्या कातड्याची असते, भिजवून ओवतात आणि वाळली की ती आटून घट्ट बसते. अशा साडेतीनशेच्या आसपास गाठी होतात. वादी मिळाली नाही तर जाड मेणवलेला दोरा किंवा नायलॉनची दोरी चालेल. खिळे आणि बोल्ट मात्र टाळा. जाळी दर वेळी उघडताना-मिटताना गाठ थोडी हलते, खिळा हलत नाही, तो लाकूड फाडतो.

जाळी उघडझाप करणारी असल्यामुळे ती जास्त ताणली तर भिंत बुटकी आणि घेर मोठा होतो, कमी ताणली तर उलट. म्हणून 1.5 मीटरची एक मापकाठी कायम हाताशी ठेवा. उभारताना भिंतीची उंची चारही बाजूंना याच काठीने तपासायची.

दार आणि चक्र

दाराची चौकट हा यर्टचा सर्वांत भक्कम भाग असला पाहिजे, कारण कमरपट्ट्याची दोन्ही टोके तिच्यावर येतात. चौकटीचे लाकूड निदान 6 बाय 8 सेंटिमीटरचे घ्या आणि सांधे कुसू-सालीचे करा. उंबरठा द्याच. तो चौकटीची खालची बाजू धरून ठेवतो. मंगोल घरात उंबरठ्यावर पाय देणे अपशकुनी मानतात. बांधणाऱ्यानेही तो पाय देण्याची जागा नाही असे समजून चालावे.

चक्राला मंगोल भाषेत तोनो म्हणतात. पारंपरिक कारागीर त्यासाठी लाकूड वाफवून वाकवतात. वाफवायचे झाल्यास दर 2.5 सेंटिमीटर जाडीला सुमारे तासभर वाफ, असा ठोकताळा आहे, आणि लाकूड ताजे असावे. घरी करणाऱ्याला सोपा मार्ग म्हणजे 5 मिलिमीटर जाडीच्या, 7 सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या गोल साच्याभोवती एकावर एक चिकटवत नेणे. बारा थरांत 6 सेंटिमीटर जाडीचे कडे तयार होते. प्रत्येक थराचा जोड आधीच्या थराच्या जोडापासून दूर ठेवा आणि गोंद पाण्याने न सुटणारा वापरा. कड्याच्या आत, एकमेकांना काटकोनात, वर फुगलेल्या आडव्या पट्ट्या बसवा. त्या कड्याला गोल ठेवतात आणि माथ्यावरचे आच्छादन उचलून धरतात.

वाशांसाठी भोके चौकोनी, 2 सेंटिमीटरची ठेवा आणि वाशाचे टोकही तसेच चौकोनी तासा. गोल भोकात वासा फिरतो, चौकोनीत फिरत नाही. भोके बाहेरून आत जाताना 30 अंशांनी वर चढली पाहिजेत. लाकडाचा एक तिरका ठोकळा करून तो गिरमिटाखाली धरला तर सगळ्या भोकांचा कोन सारखा येतो. नंतर पटाशीने भोक चौकोनी करा. जुने कारागीर तापवलेल्या सळईने भोके पाडत, त्याने आतली बाजू जळून टणकही होते.

वासे आणि कमरपट्टा

वासा मध्ये साडेतीन ते चार सेंटिमीटर जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळता असावा. वरचे टोक चक्रात जाते. खालच्या टोकाजवळ भोक पाडून दोरीचा फासा ओवा. हा फासा जाळीच्या माथ्यात अडकतो. सगळे फासे एकाच मापाचे हवेत. लहानमोठे झाले तर चक्र तिरके होते आणि ते का तिरके झाले हे शोधण्यात दिवस जातो.

आता कमरपट्टा. मंगोलियात तो घोड्याच्या केसांचा वळलेला असतो. तो ताणला जात नाही, ओलाव्याने कुजत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडे सहज मिळणारा पर्याय म्हणजे रुंद नवार, पण सुती नवार नको. ती हवेतल्या ओलाव्याप्रमाणे कमी-जास्त होते. ट्रकवर माल आवळण्याचे 5 सेंटिमीटर रुंदीचे पॉलिस्टर पट्टे त्याहून बरे. ते फारसे ताणले जात नाहीत आणि त्यांना आवळायची कडी आधीच असते. असे दोन पट्टे घ्या: एक जाळीच्या वरच्या कडेखाली थेट लाकडावर, दुसरा नमद्याच्या बाहेरून. एक तुटला तरी दुसरा घर सांभाळतो. पैशांची ओढाताण असेल तर रंग, नक्षी, फरशी यांत काटकसर करा, पट्ट्यात करू नका.

नमदा

भिंत आणि छत मिळून, एकमेकांवर येणारे भाग धरून सुमारे 48 चौरस मीटर नमदा लागतो. सेंटिमीटरभर जाडीचा नमदा चौरस मीटरला साधारण 2 किलो धरला तर एकूण वजन शंभर किलोच्या घरात जाते. एवढा नमदा घरी करणे म्हणजे गावकीचे काम आहे, आणि स्टेपमध्ये ते तसेच होते. शेजारी-पाजारी जमतात, काठ्यांनी लोकर झोडून मोकळी करतात आणि जुन्या नमद्यावर तिचे थर पसरतात. त्यावर पाणी शिंपडून सगळे एका दांड्याभोवती गुंडाळतात, कातड्यात बांधतात आणि घोड्यामागे माळावरून पुढे-मागे ओढतात. किरगिझ बायका ती चिय नावाच्या ताठ गवताच्या चटईत गुंडाळून गरम पाणी ओततात आणि पायांनी, मग कोपरांनी लोळवतात.

यामागचे कारण लोकरीच्या तंतूवर असलेल्या सूक्ष्म खवल्यांत आहे. ऊब, ओलावा आणि घुसळण मिळाली की खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडे घोंगडी विणतात. जुन्या माणसांना बुरणूस आठवत असेल, तो मात्र न विणता लोकर जमवूनच करत.

घरी करून पाहायचे असेल तर:

1. लोकर धुऊन, वाळवून, पिंजून घ्या.
2. बांबूच्या चटईवर पातळ थर पसरा. पहिल्या थरातले तंतू आडवे, दुसऱ्यातले उभे, असे निदान चार थर.
3. गरम पाणी आणि थोडा साबण शिंपडून चटईसकट घट्ट गुंडाळा, बांधा आणि दाबत लोळवा. मधूनमधून उघडून दिशा बदला.
4. चिमटीने ओढून पाहा. तंतू सुटे वर येत असतील तर काम अपुरे आहे.
5. साबण पूर्ण धुऊन सपाट जागी वाळवा.

जमताना थर लांबी-रुंदीत बराच आटतो. म्हणून आधी हातभर लांबीचा तुकडा करून किती आटतो ते मोजा आणि त्या प्रमाणात मोठा थर पसरा.

बहुतेकांना नमदा विकतच घ्यावा लागेल. काश्मीर, राजस्थानातले टोंक आणि कच्छ येथे नमद्याचे कारागीर आहेत. पण त्यांचे गालिचे यर्टला पातळ पडतात, जाडी आधी सांगून करून घ्या. कारखान्यातला मीटरवर मिळणारा नमदा घेताना एक तुकडा जाळून पाहा. लोकर जळाली तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. यर्टला लोकरच हवी. ती हवा खेळू देते आणि सहज पेटत नाही.

नमद्यावर पांढऱ्या सुती कॅनव्हासचे आच्छादन असते. त्याच्या जागी प्लास्टिकची ताडपत्री नमद्याला चिकटून घालू नका. आतल्या माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ तिच्याखाली अडकते आणि नमदा आतून ओला होऊन कुजतो. पाऊस अडवायचाच असेल तर ताडपत्री दोरीवर, नमद्यापासून वीतभर उंच बांधा.

उभारणी

तीन-चार माणसे आणि वाऱ्याचा जोर नसलेली सकाळ पुरे. क्रम असा:

1. पाणी साचणार नाही अशी थोडी उंच जागा निवडा, सपाट करा. मध्यभागी खुंटी ठोकून दोरीने घेर आखा. मंगोलियात दार दक्षिणेला ठेवतात, म्हणजे उत्तरेच्या गार वाऱ्याकडे पाठ होते. आपण आपल्या भागातला जोराचा वारा ज्या दिशेने येतो तिच्याकडे पाठ करावी.
2. पेट्या, पलंग यांसारखे मोठे सामान आधीच आत ठेवा. नंतर ते दारातून जाणार नाही.
3. चौकट उभी करा, जाळ्या घेरावर उघडून एकमेकींना आणि चौकटीला बांधा. मापकाठीने उंची तपासा.
4. आतला कमरपट्टा आवळा. वासे नंतर, पट्टा आधी. हा क्रम कधीही बदलू नका.
5. दोन माणसांनी चक्र खांबांसह मध्यभागी उभे धरावे. बाकीच्यांनी आधी चार दिशांना चार वासे लावावेत, मग त्यांच्या मधले, मग उरलेले. एकाच बाजूने लावत गेल्यास चक्र कलंडते.
6. आतले पांढरे कापड, मग भिंतीचा नमदा, मग छताचा नमदा, मग कॅनव्हास. छताचा नमदा भिंतीच्या नमद्यावर वीतभर खाली आला पाहिजे, म्हणजे पाणी आत झिरपत नाही.
7. बाहेरचा पट्टा आणि दोऱ्या आवळा. शेवटी चक्रावरचे चौकोनी झाकण टाका. त्याच्या दोऱ्या खाली जमिनीवरून हाताला येतील अशा ठेवा.

चक्राच्या मध्यापासून एक दोरी आत लोंबती सोडतात. वादळ आले की तिला जड दगड बांधतात किंवा माणूस धरून बसतो, म्हणजे वारा छत उचलू शकत नाही. ही दोरी शोभेची नाही, ती घातल्याशिवाय काम पूर्ण समजू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्या गाठी बसतात आणि पट्टा सैल होतो. तो रोज पाहून पुन्हा आवळा.

चूल आणि हवा

मध्यभागी लोखंडी चूल आणि चक्रातून वर जाणारे धुराडे ही मंगोल घराची रीत. धुराडे चक्राला किंवा कापडाला कुठेही टेकता कामा नये. जिथून ते बाहेर पडते तिथे पत्र्याची रुंद चकती बसवा आणि टोकावर ठिणग्या अडवणारी जाळी लावा. लोकर सहज पेटत नसली तरी सुती कॅनव्हास पेटतो. पेटती चूल किंवा शेगडी ठेवून चक्रावरचे झाकण पूर्ण बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच माणूस मारतो. उन्हाळ्यात भिंतीचा नमदा खालून हातभर गुंडाळून वर बांधला की खालून हवा येते, चक्रातून गरम हवा वर जाते आणि आत गारवा राहतो.

महाराष्ट्रात बांधायचा असेल तर

उलानबातरला वर्षभरात सरासरी 300 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. महाबळेश्वरला सरासरी 5,000 मिलिमीटरहून अधिक पडतो. यर्ट कोरड्या थंडीसाठी घडलेला आहे. सह्याद्रीच्या पावसात आणि कोकणच्या दमटपणात नमदा टिकणार नाही. तिथे कुणी कायमचा यर्ट विकत असेल तर तो यर्टच्या आकाराचा तंबू आहे असे समजा. दख्खनच्या पठारावर मात्र ऑक्टोबरपासून मेपर्यंत तो सुखाने उभा राहू शकतो. जूनच्या आधी उतरवा. जाळ्या मिटून उभ्या ठेवा, नमदा कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या खोलीत ठेवा आणि महिन्याने एकदा उघडून पाहा. ओल राहिली तर बुरशी येते, अंधार आणि शांतता मिळाली तर कसर लागते. पर्यटकांसाठी ठेवणार असाल तर जागेच्या वापराची परवानगी आधी स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. थंड देशांत राहणाऱ्या मराठी माणसांनी लाकूड तिथले घ्यावे, नमदा मात्र लोकरीचाच, आणि बर्फ पडणार असेल तर छताचा उतार आणखी वाढवावा.

शेवटी एक आग्रहाचे सांगणे. लाकडाची मागणी नोंदवण्याआधी बांबूच्या बारीक काड्या, दोरा आणि पुठ्ठ्याचे कडे घेऊन एक मीटर व्यासाचा नमुना बनवा. भोके मोजून, माथे मोजून, याच क्रमाने. तो उभा राहिला की वरून हाताने दाबा, मग कमरपट्टा सोडून पुन्हा दाबा. काय होते ते पाहिलेत की या घरात कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हे तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही. लाकूड त्यानंतर घ्या.